पेवातली हवा

माय, काल आपलं पेव बुजवलं. गोठ्यामागचं. ज्याच्या फरशीवर तू उन्हाळ्यात कुरड्या वाळत घालायचीस आणि मला ओरडायचीस, “तिथं नाचू नगंस, खाली पोकळ हाय.” तुझ्या नातवाला तिथं न्हाणीघर बांधायचंय. गोठ्यात आता जनावर नाही, पेवात कित्येक वर्षांत ज्वारीचा दाणा पडला नाही, म्हणून मीही अडवलं नाही. सकाळी जेसीबीवाल्यानं फरशी उचलली आणि लगेच वाकून आत डोकावायला लागला, तसा मी त्याच्यावर असा खेकसलो की तो बिचारा दचकून मागं सरला. “बाबा, नुसतं बघतोय,” म्हणाला. मी म्हटलं, “लांबून बघ. आधी हवा जाऊ दे.” आजच्या पोरांना पेव म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. जमिनीत खणलेली गोल कोठी, माणूस आत पुरता बुडंल एवढी खोल, तोंड मात्र अरुंद. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. आणि उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, कारण कोंडलेल्या ज्वारीची वाफ माणूस मारते. तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर पाय टाकायचा, विझला तर थांबायचं. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तुला तर होतंच.

लिहायला बसलोय ते या पेवामुळं आणि शाळेतल्या नव्या मास्तरामुळं. दर सप्टेंबरात मुक्तिदिनाच्या झेंड्याला मला खुर्चीवर बसवतात, जुना हवालदार म्हणून. यंदा हा मास्तर आधीच घरी आला. चहा फुंकत मला विचारतो, “बाबा, पोरांना एवढं सांगा, लोकांना वाचवायला केलेली लढाई बरोबर असते का? तुम्ही दोन्ही बघितलंय. लहानपणी पलटणीनं तुम्हाला सोडवलं, आणि मोठेपणी तुम्ही पलटणीत जाऊन दुसऱ्यांना सोडवलं.” पाऊस पडंल का असं विचारावं तसं विचारलं त्यानं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. आता विचार करायचा म्हणजे मला तुझ्याशीच बोलावं लागतं. बा असता नि त्याला विचारलं असतं तर त्यानं “मंग! बरोबरच की,” म्हणून पानाची चंची सोडली असती आणि विषय मिटला असता. तुझ्यापाशी एवढ्यावर काही मिटायचं नाही.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. निजाम गादी सोडायला तयार नव्हता आणि रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. गावातले गडी बैलं घेऊन हद्दीपलीकडं बार्शीला गेलेले, त्यात बा पण. बायापोरंही निघाली होती, पण मला गोवर निघालेला, अंग तव्यासारखं तापलेलं, म्हणून तू मागं राहिलीस. शेजारी टांगेवाल्या चाचांचं घर. जवळच्या वाशीच्या बाजाराला त्यांचा टांगा जायचा, त्यामुळं बरीवाईट बातमी आधी त्यांच्याकडं. त्या सकाळी ते आले आणि म्हणाले, “बाई, टोळी आज इकडं वळनार. पोराला घेऊन पेवात बसा.” मला आठवतंय ते असं, चाचा पेवाच्या काठावर उकिडवे बसलेत, हातात दोरी, दोरीला कंदील, आणि ते अजिबात घाई करत नाहीत. तू सारखी वेशीकडं बघतेस. ते म्हणतात, “ठैरो बाई, हवा निकलने दो.” कंदील विझतो. ते वर ओढून घेतात, पेटवतात, थोड्या वेळानं परत सोडतात. परत विझतो. तू रडकुंडीला येतेस तरी ते बसलेलेच. मग केव्हातरी तो खाली जळत राहतो आणि तू मला खांद्यावर टाकून उतरतेस.

आतला आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. वर त्यांनी कडब्याच्या पेंढ्या रचल्या, फटीतून उजेडाची एक रेघ खाली यायची आणि तुझा तळवा माझ्या तोंडावर. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. चाचा कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते की या घरात कुणी नाही, सगळे बार्शीला पळाले. मग वरच्या आळीतली घरं पेटली त्याचा धूर पेवात उतरला आणि तू मला पदरात गुंडाळलंस. वरच्या आळीतल्या ज्यांना पेव नव्हतं आणि टांगेवाला शेजारीही नव्हता, त्यांचं काय झालं ते तू मला मोठा होईपर्यंत सांगितलं नाहीस. थोड्याच दिवसांत पलटण आली. रझाकार कुठं पळाले पत्ता नाही. तू वेशीत जाऊन शिपायांना पाणी पाजलंस, एका दाढीवाल्या जवानाला ओवाळायला गेलीस तर तो लाजून झाडाआड झाला, हे तू शेवटपर्यंत पदर तोंडाला लावून हसत सांगायचीस. माझ्यासाठी पलटण म्हणजे देवच होऊन बसली. आणि चाचा? ते त्या गडबडीत गेले, एवढंच घरात बोललं जायचं. त्या दिवसांत त्यांच्यातले कितीतरी गेले, त्यामुळं मी कधी पुढं विचारलं नाही. चाची आणि त्यांची पोरगी, जिला मी आपा म्हणायचो, शेजारीच राहिल्या. टांगा विकला गेला. घोडा मात्र नव्या मालकाचा हात सोडून दोन-तीनदा चाचीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

पुढं उर्दू जाऊन शाळेत मराठी आली. आपा वयानं माझ्यापेक्षा मोठी, पण नव्यानं बाराखडी गिरवायची म्हणून माझ्याच वर्गात बसली. एका वर्षी झेंड्याला मास्तरांनी आमचं नाटुकलं बसवलं, निजामापासून सुटका. मी पलटणीचा कप्तान. बानं सुताराकडून मला लाकडी बंदूक करून आणली होती. गडगडाट झाला, पलटण आली, रझाकार पळाले, झेंडा वर गेला, टाळ्या. मी पळत घरी येऊन चुलीपाशी तुला सगळं करून दाखवलं. तू काटवटीत पीठ मळत होतीस. म्हणालीस, “मंग फुडं?”

“फुडं काय? संपलं.”

“तिथं संपतंय व्हय रं?” तू म्हणालीस. “मास्तराला इचार, पलटण आल्यावर दुसऱ्या दिशी काय झालं ते का न्हाय दावलं.”

मी म्हटलं, “आपानं टाळ्या बी वाजवल्या न्हाईत.” तू माझ्याकडं असं बघितलंस की मी दाराकडं सरकलो. मग तू माझ्या हातातली बंदूक घेतलीस, गुडघ्यावर मोडलीस आणि चुलीत सारलीस. त्या दिवशीच्या भाकरी तिच्यावर भाजल्या. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही, आणि बा म्हणाला, “बंदुकीला चांगलं सागवान व्हतं की गं!”

चीनची लढाई होऊन गेली आणि उस्मानाबादेत भरती निघाली. मी विशीत आलेलो, मिसरूड फुटलेलं, डोक्यात हवा. त्या सकाळचं स्वयंपाकघर मला जसंच्या तसं दिसतंय. तू भाकरी थापतेस, तव्यावर एक आहे, एक चुलीच्या तोंडाशी फुगायला लावलीय. मी उंबऱ्यात उभा राहून सांगतो, “माय, म्या पलटणीत चाललो.” तुझा हात थांबत नाही. “कशापायी?” मी पाठ केल्यासारखं म्हणतो, “त्यांनी आपल्याला वाचवलं. आता म्या कुनाला तरी वाचवीन.”

“वाचवीन!” तू म्हणालीस. “लई सोपं वाटाय लागलं रं तुला.” तव्यावरची भाकरी काढलीस, लाकडं मागं ओढलीस आणि हाताचं पीठ झटकून भिंतीला टेकलीस. तू सैपाक अर्धा टाकून बसलीस असं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. आणि मग तू मला पुढचं नाटक सांगितलंस, जे मास्तरांनी दाखवलं नव्हतं.

पलटण आली तशी म्होरं गेली, तू म्हणालीस. मागं पोलीस नाही, पाटील नाही, कुणी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बार्शीकडनं माणसं परत फिरली, ज्यांची घरं जळाली होती ती पण आणि ज्यांचं कुडाचं पानही जळालं नव्हतं ती पण. शेजारच्या गावात त्यांनी मुसलमानांच्या आळीत काय केलं ते आपल्याकडं संध्याकाळच्या आत कळलं. तू चाचीला आणि आपाला घरात घेतलंस. चाचीला बाजेवर निजवून तिच्या कानाला फडकं बांधलंस, बाजेखाली शेगडी ठेवून ओव्या-शेपाचा धूर केलास, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलास. बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणूस पाय टाकत नाही, मग तो कितीही पिसाळलेला असू दे, हे तुला माहीत होतं. बाई आणि पोर त्या धुरात लपली. पण चाचांना बाळंतिणीच्या खोलीत कसं ठेवायचं? आणि ते तर घर सोडायलाच तयार नव्हते. म्हणत होते, “मला कोन काय करंल बाई? ह्यांच्या घरातल्या नवऱ्या म्या टांग्यातनं आनल्यात.”

“गलका म्हसोबापाशी आला तवा कुठं ते उठले,” तू म्हणालीस. “म्या फरशी वडली. आपण बाहेर आल्यापासनं पेव बंदच व्हतं, तळाची ज्वारी वल लागून कुजलेली. ते काठाशी वाकले आन् मला म्हनले, ‘बाई, हवा?’ म्या म्हनलं, ‘हवेला कुठं येळ हाय, उतरा!’ आन् ते उतरले. माझा शबुद कंदी मोडला न्हाय त्यांनी, तवा बी न्हाय मोडला.”

मग माणसं दाराशी आली. आपल्या गावची पण होती त्यात. तू म्हणालीस, जाऊ बाळंत झालीया, सोयर हाय. धुराचा वास आला तसे मागं सरले, एकजण तर पाया पडून गेला. “म्या मनात म्हनलं, जितली म्या!” तू म्हणालीस आणि एवढं वाईट हसलीस की मी मान खाली घातली. गलका लांब गेल्यावर तू फरशी सारलीस, हाक मारलीस. ओ नाही. मग तू कंदील पेटवून दोरीनं खाली सोडलास. तो विझला. वर घेऊन परत पेटवलास, परत सोडलास, परत विझला. “कंदील तवा सोडला म्या. आदी सोडायचा तो, तवा सोडला.” बा त्याच रात्री बार्शीहून आला आणि त्यानं चाचांना आपल्याच शेताच्या बांधाला पुरलं.

मी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हणालो, “तुझी काय चूक गं त्यात? गर्दीनं मारलंच असतं की त्यांना.”

“असतं बी,” तू म्हणालीस. “असतंच असं म्हनून तर म्या रोज पाठ टेकती.”

“आन् तू पेव उघडलंच नसतं तर?”

“उघडायलाच पायजे व्हतं! न्हाय कोन म्हनतंय?” तुझा आवाज चढला. “पलटणीनं बी यायलाच पायजे व्हतं. आली नसती तर तू आन् म्या त्याच पेवात संपलो असतो. ते इसरशीला तर तोंड फोडीन. पन वाचवनारा लई घाईत असतोय रं. त्याला वाटतं, म्या भल्यासाठी आलोय, आता हवा बी माझंच ऐकंल.”

ओसरीवरून बा म्हणाला, “अगं, सुक्याबरोबर वलं जळायचंच. जगाची रीत हाय.” तू तिथूनच ओरडलीस, “वलं जळतंय ते दिसत व्हतं ना सगळ्यास्नी? मंग पानी कुनी वतायचं, म्हसोबानं?” बानं चंची सोडली. तू पुन्हा लाकडं पुढं सारलीस, पीठ हातात घेतलंस आणि भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, एक गोष्ट आणखी सांगितलीस. चाचीला तू एवढंच सांगितलं होतंस की पेवाची वाफ लागली. त्यांनी हवेचं विचारलं होतं आणि तू उतरा म्हणालीस, ते नाही सांगितलं. पण आपा तेव्हा खोलीतून निसटून पेवापाशीच आली होती, बापाचा सदरा धरून. तिनं ते ऐकलं होतं. “तिनं बी आईला सांगितलं न्हाय. इतकी वर्सं झाली. रोज दारासमोरनं जाती, ‘माय, पानी आलंय’ म्हनती. म्या तिच्याकडं बघत न्हाय.” आणि मग म्हणालीस, “जा पलटणीत. अडवीत न्हाय. पन उतरायच्या आदी कंदील सोडत जा.” बांधून दिलेल्या भाकरीत शेंगदाण्याची चटणी इतकी होती की सोलापूरपर्यंत धोतर तेलकट.

माझी पत्रं तुला कोण वाचून दाखवायचं ते मला माहीत होतं. गावात बायकांत मराठी वाचणारी आपाच. तिचं लग्नही आळीतच झालं, आतेभावाशी, त्यामुळं ती कुठं गेली नाही. तू ओसरीला बसणार, ती खांबाला टेकून माझं पत्र वाचणार. मग मी काय लिहिणार, सांग? इकडं सगळं खुशाल, थंडी फार, म्हैस व्याली का, चाचीचा खोकला कसा आहे. पासष्टच्या लढाईत आम्ही हद्दीपलीकडच्या एका गावातून गेलो. गाव रिकामं, आणि एका घरात परातीत मळलेलं पीठ तसंच पडलेलं, वर बोटांचे ठसे. जेवताना ते सारखं डोळ्यांपुढं यायचं. तुला लिहावंसं वाटलं होतं, पण ते आपाच्या आवाजात तुझ्या कानात जाणार म्हटल्यावर मी म्हशीचंच लिहिलं.

तू गेलीस आणि वर्ष-दीड वर्षात एकाहत्तरची, पूर्वेकडची लढाई लागली. ती तुला कळली नाही म्हणून सांगतो. लढाई लागायच्या आधी कित्येक महिने माणसं हद्द ओलांडून येत होती, चिखलातून, डोक्यावर बोचकी, एकानं तर म्हातारीला टोपलीत घालून कावडीनं आणलेलं. आम्ही आत शिरलो तेव्हा बायका शहाळी घेऊन रस्त्यावर उभ्या. एकजण मला ओवाळायला आली आणि, तुझी शप्पथ, मी लाजून जीपमागं झालो. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की ही लढाई बरोबर आहे का, तर मी त्याचीच गचांडी धरली असती. आजही माझं तेच म्हणणं आहे. त्या म्हातारीची टोपली बघितलेल्या माणसानं घरात बसून राहायचं कसं?

पण शत्रूनं हत्यारं टाकली आणि दुसरा दिवस उजाडला. एका लहान गावात शाळेच्या इमारतीत काही कुटुंबं कोंडून घेऊन बसली होती. दुसरी भाषा बोलणारी, आधीच्या सरकारच्या बाजूची म्हणून नाव पडलेली. त्यांच्यातल्या थोड्यांनी खरंच पाप केलेलं होतं, आणि आत बहुतेक बायका-पोरं होती. फाटकाशी गर्दी जमलेली, हातात कोयते. आम्हाला पुढं निघायचा हुकूम. मी साहेबाला म्हटलं, “साब, अभी यहाँ से मत हटो.” साहेब म्हणाला, लढाई संपली हवालदार. मग मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत पेवाची गोष्ट सांगितली. काय समजलं त्याला, देव जाणे! पेव म्हणजे विहीर असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं. पण तो माझ्याबरोबर काही जवान तिथं ठेवून गेला. माय, लढाईत वाटली नाही तेवढी भीती मला त्या फाटकाशी वाटली. गर्दीतला एक म्हातारा माझ्यापुढं येऊन रडायला लागला. त्याचं घर जाळलेलं, दोन लेक गेलेले. तो म्हणत होता, तुम्हीच आम्हाला सोडवलं, आता बाजूला का होत नाही? त्याचं काहीच खोटं नव्हतं. बार्शीहून आलेल्यांतही असे असतील, ज्यांचं खरंच सगळं जळालं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे कळूनही मी बंदूक आडवी धरून उभा राहिलो. काही दिवसांनी आम्हालाही बोलावणं आलं आणि आम्ही निघालो.

आता कालचं. फरशी निघाल्याचं कळताच आपा काठी टेकत आली आणि उपड्या बादलीवर बसली. तिच्या दाताची कवळी बोलताना हलते, पण नजर अजून खणखणीत आहे. जेसीबीवाल्यानं मोबाईलची बॅटरी आत मारली तशी ती म्हणाली, “अरे बेटा, उससे हवा नहीं समझती,” आणि हसली. तो गोंधळला. मी त्याला चहाला पिटाळलं. आम्ही दोघंच उरलो. ती आत बघत बसली होती. मग म्हणाली, “तुझं पत्र आलं का माय सगळं ऐकून घ्यायची, आन् शेवटी इचारायची, ‘कंदलाचं लिव्हलंय का गं?’”

मी म्हटलं, “मग?”

“मग काय? मी वाचायचे, ‘माय, मी आधी कंदील सोडतो, मगच उतरतो.’ लगेच उठून कामाला लागायची.”

“हर खत में?”

“हौ, हर खत में. तू तो एक बार भी नहीं लिखा, बेशरम.”

 मी विचारलं, “माय ते का विचारायची हे तुला ठाऊक होतं?” “माझ्याच समोर झालं की रे,” ती म्हणाली. “राग नाही आला?” “आला. लई वर्षं आला. वाचताना पन यायचा. एकदा वाटलं, आज म्हनावं, न्हाय लिहिलं. पन मान खाली घालून बसायची ना ती, खांबाकडं तोंड करून. तिला तेवढंच ऐकायचं असायचं, आन् माझ्याच तोंडून ऐकायचं असायचं.” माय, तू तिच्याकडं बघायची नाहीस, पण ती तुझ्याकडं सगळा वेळ बघत होती.

मग तिनं मला विचारलं, “सोडलास का रे कधी? खरंच?” मी तिला त्या शाळेचं सांगितलं, फाटकाचं, म्हाताऱ्याचं, साहेबाच्या विहिरीचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी थांबलो तशी म्हणाली, “उसके बाद? बचे क्या वो लोगां?”

मी म्हणालो, “बचे.”

तिनं डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. उठली, ढिगातली माती मुठीनं घेऊन पेवात टाकली, तीनदा, ओठातल्या ओठात काही म्हणत. तेव्हा मोठा असतो तर तिच्या बापाला अशीच माती दिली असती म्हणून मीही टाकली. मग तो पोरगा चहा पिऊन आला आणि मशीन सुरू झालं. दुपारपर्यंत जमीन सपाट.

मास्तराला मी सांगणार आहे की लढाई बरोबर का चूक ते पोरांना सांगायला मी कोण? पण वाचवायला निघालेल्याला एक जरूर विचारा, दुसऱ्या दिवशी फाटकाशी कोण उभं राहणार, आणि किती दिवस. याला टाळ्या पडतील बहुतेक. हे पत्र मात्र कुठं जायचं नाही. तुला वाचता येत नाही, तुझ्यासाठी वाचणारी एकच, आणि तिच्या हातात हे देता येत नाही. कारण तुला म्हणून सांगतो, शाळेतली ती माणसं वाचली का नाही हे मला माहीत नाही, माय. आम्ही निघालो तेव्हा फाटकाशी गर्दी तशीच उभी होती.